नकाशावरची मोकळी जागा
नगररचनेच्या मंजुरीला न्यायालयात आव्हान देणाऱ्या नागरिकांचा इतिहास

शहराचा इतिहास लिहिताना राजवाडे, कोट, देवळे आणि बाजारपेठा यांना मानाचे स्थान मिळते. नगररचनेचे नकाशे मात्र कचेरीच्या कपाटातच राहतात. वास्तविक सामान्य माणसाचे दैनंदिन जीवन ठरते ते या नकाशांवरून. घरासमोरचा रस्ता किती रुंद, मुलांनी खेळायचे कोठे, शाळेला जागा कोणती, सांडपाणी जाणार कोणत्या वाटेने, या सर्व प्रश्नांची उत्तरे भूखंड पाडताना मंजूर झालेल्या त्या कागदावर असतात. तो कागद मंजूर करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेचा. मग त्या संस्थेनेच तो मोडला किंवा मुळात नियम डावलून मंजुरी दिली, तर नागरिकाने जावे कोठे? गेल्या पन्नास वर्षांत भारतातील अनेक शहरांतील रहिवाशांनी हा प्रश्न न्यायालयासमोर नेला. त्यातील एक अत्यंत महत्त्वाचा खटला बंगळूरचा आहे. साठ वर्षे या शहराबरोबर वाढलेल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना तो ठाऊक असणे अगत्याचे आहे.

प्लेगने शिकवलेला धडा

बंगळूरशी मराठी माणसाचे नाते जुने. सतराव्या शतकात हे नगर शहाजीराजांच्या जहागिरीत होते. व्यंकोजीराजांचे नाव ज्याच्याशी जोडले जाते, त्या काडु मल्लेश्वराच्या देवळावरून मल्लेश्वरम् या वस्तीला नाव मिळाले. ही वस्ती आकाराला आली ती मात्र एका संकटाच्या छायेत. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेग शिरला. दाट वस्तीच्या जुन्या पेठेत त्याने हाहाकार माजविला. हवा आणि उजेड नसलेल्या गल्ल्या माणसांचे प्राण घेतात, हे त्या साथीने दाखवून दिले. मल्लेश्वरम् आणि बसवनगुडी या दोन नव्या विस्तारांना त्यानंतर वेग आला. सरळ रस्ते, आखीव भूखंड, घरांच्या मागील बाजूस सफाईसाठी सोडलेली अरुंद बोळे आणि मधूनमधून राखलेली मोकळी मैदाने, असे या वस्त्यांचे रूप होते. मुंबईतही १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, शहर सुधारणेसाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. मोकळी जागा ही चैन नसून आरोग्याची गरज आहे, हा विचार आपल्या देशातील नगररचनेत असा साथीच्या मार्गाने रुजला.

पुढे या विचाराला कायद्याचे रूप आले. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने देशात या विषयाचा पाया घातला. बंगळूरसाठी १९४५ मध्ये शहर सुधारणा अधिनियम झाला आणि त्याखाली सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १९७६ च्या अधिनियमाने त्याची जागा बंगळूर विकास प्राधिकरणाने घेतली. या सर्व कायद्यांचा गाभा एकच आहे. जमिनीच्या मालकाला किंवा प्राधिकरणाला जमिनीचे तुकडे पाडून विकता येतील, पण त्याआधी रेखांकन मंजूर करून घ्यावे लागेल. त्या रेखांकनात रस्ते, गटारे, उद्याने, क्रीडांगणे आणि नागरी सुविधांसाठी जागा दाखवावी लागेल. लोक घरासाठी भूखंड घेतात ते हा नकाशा पाहून. म्हणजे मंजूर रेखांकन हे केवळ सरकारी कागदपत्र राहत नाही, ते शहराने रहिवाशाला दिलेले वचन ठरते. पुढील सारे खटले या वचनाच्या अर्थावरून झाले.

उडुपी : खर्च झाला म्हणून अवैध ते वैध होत नाही

या इतिहासातील एक आरंभीचा निकाल कर्नाटकातीलच उडुपीचा आहे. तेथील मारुती वीथिका या भागात एका इमारतीला नगरपालिकेने कल्याण मंडप आणि व्याख्यानगृह म्हणून परवानगी दिली होती. नंतर त्याच इमारतीचे कायम चित्रपटगृह करण्यास पालिकेने मान्यता दिली. मंजूर नगररचना योजनेनुसार तो भाग निवासी होता आणि तेथे चित्रपटगृहाला स्थान नव्हते. एका रहिवाशाने या मंजुरीला आव्हान दिले.

उच्च न्यायालयाला मंजुरी नियमबाह्य आहे हे पटले. तरीही मालकाने बांधकामावर बराच पैसा खर्च केला असल्याने हस्तक्षेप करणे योग्य नाही, असे त्या न्यायालयाने ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७४ मध्ये सरन्यायाधीश अजितनाथ राय यांनी दिलेल्या निकालाने ही भूमिका अमान्य केली. योजनेची अंमलबजावणी करणे हे पालिकेचे जनतेप्रती असलेले कर्तव्य आहे. तिने आपल्याच योजनेविरुद्ध परवानगी दिली, तर ती परवानगी अधिकाराबाहेरची ठरते, आणि अशा परवानगीवर कोणी कितीही पैसा खर्च केला तरी तिला वैधता येत नाही. निवासी भागातील अवैध बांधकामाने तेथे राहणाऱ्यांच्या हक्कांना बाधा येते, म्हणून त्यांना दाद मागता येते. 'आता इमारत उभी राहिली, काय करणार?' हा आपल्याकडचा नेहमीचा युक्तिवाद. त्याला सर्वोच्च न्यायालयाने दिलेले हे उत्तर आजही वकील पुन्हा पुन्हा उद्धृत करतात.

राजमहाल विलास : उद्यान की रुग्णालय?

बंगळूरचा खटला याहून अवघड होता, कारण तेथे समोर चित्रपटगृह नव्हते, रुग्णालय होते.

राजमहाल विलास विस्तार ही वस्ती १९४५ च्या अधिनियमाखाली मंजूर झालेल्या योजनेतून वसली. त्या योजनेत एक मोकळी जागा सार्वजनिक उद्यानासाठी राखून ठेवली होती. १९७६ मध्ये या जागेची मागणी एका वैद्यकीय न्यासाकडून रुग्णालयासाठी झाली. राज्य शासनाने २७ मे आणि ११ जून १९७६ रोजी आदेश काढले आणि त्यांना अनुसरून प्राधिकरणाने १४ जुलै १९७६ च्या ठरावाने ती जागा न्यासाला दिली. उद्यानाची जागा 'नागरी सुविधे'ची जागा ठरविण्यात आली, आणि रुग्णालय ही नागरी सुविधाच असल्याने ती देण्यात आली. असा हा मार्ग होता. देशात तेव्हा आणीबाणी होती, हेही काळाच्या संदर्भासाठी लक्षात घेतले पाहिजे.

रहिवासी उच्च न्यायालयात गेले. रुग्णालयाला विरोध करणाऱ्याच्या वाट्याला सहानुभूती सहसा येत नाही. 'तुम्हाला फिरायला बाग हवी म्हणून आजाऱ्याला खाट नको का?' या प्रश्नापुढे कोणीही गोंधळून जावे. एकसदस्यीय न्यायपीठाने रहिवाशांच्या याचिका फेटाळल्या. रुग्णालय ही सुविधाच असल्याने जागा देणे कायद्याच्या चौकटीत बसते, असे त्याचे मत पडले. अपिलात खंडपीठाने हा निकाल फिरविला आणि न्यास सर्वोच्च न्यायालयात गेला. १९ जुलै १९९१ रोजी न्या. टी. के. थॉमन आणि न्या. आर. एम. सहाय यांनी न्यासाचे अपील फेटाळले. जागेचे वाटप रद्द झाले.

हा निकाल तीन गोष्टींसाठी महत्त्वाचा मानला जातो. पहिली गोष्ट दाद मागण्याच्या अधिकाराची. 'जागा तुमच्या मालकीची नाही, मग तुमचे नुकसान काय?' असा आक्षेप अशा खटल्यांत नेहमी घेतला जातो. न्यायालयाने सांगितले की, वस्तीतील मोकळी जागा हिरावली गेली तर त्याची सर्वाधिक आणि निकटची झळ तेथील रहिवाशांनाच लागते, म्हणून न्यायालयाचे दार ठोठावण्याचा अधिकार त्यांना आहे.

दुसरी गोष्ट कार्यपद्धतीची. मंजूर योजनेत बदल करायचा तर कायद्याने त्याची रीत घालून दिलेली आहे. शासनाला प्राधिकरणास आदेश देण्याचा अधिकार आहे, पण तो कायद्याचे हेतू सिद्धीस नेण्यासाठी. त्याच कायद्याखाली मंजूर झालेली योजना मोडण्यासाठी तो वापरता येत नाही. सत्तेच्या सर्वोच्च पातळीवरून इच्छा व्यक्त झाली म्हणून विहित मार्ग सोडून निर्णय घेता येत नाही, हे न्या. सहाय यांनी कठोर शब्दांत नोंदविले. ज्याला विवेकाधिकार दिला आहे त्याने तो स्वतः, सर्व संबंधित बाबी तपासून आणि कारणे देऊन वापरला पाहिजे.

तिसरी गोष्ट उद्यानाच्या अर्थाची. एके काळी बागा राजेरजवाड्यांच्या आणि श्रीमंतांच्या उपभोगासाठी असत. सर्वांसाठी खुले उद्यान ही कल्पना समतेच्या विचाराबरोबर वाढली, हा इतिहास निकालात मांडलेला आहे. खासगी शुश्रूषागृह आणि सार्वजनिक उद्यान यांना एकाच मापाने मोजता येत नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले. शुश्रूषागृहाचे ब्रीद सेवा असले तरी तो अखेर एक व्यवसाय आहे. पैसे नसलेल्यालाही उद्यानात बसता येते. रुग्णालये हवीतच, पण ती मुलांच्या आणि वृद्धांच्या वाट्याच्या मोकळ्या हवेवर उभारायची नाहीत, हा त्याचा मथितार्थ.

दरम्यान कायदाही बदलला होता. उद्याने आणि क्रीडांगणे यांसाठी राखलेली जागा प्राधिकरणाला अन्य कारणासाठी विकता वा देता येणार नाही आणि तसा व्यवहार शून्यवत समजला जाईल, अशी तरतूद प्राधिकरणाच्या अधिनियमात आली. १९८५ मध्ये उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा यांच्या जतनासाठी कर्नाटकात स्वतंत्र अधिनियमही झाला.

दिल्ली : शाळाही अपवाद नाही

नव्वदीच्या दशकात दिल्लीतील दोन खटल्यांनी हा विचार आणखी पुढे नेला. पहिल्यात प्रश्न थेट भूखंडविभाजनाच्या मंजुरीचा होता. वसाहतीचे रेखांकन मंजूर करताना उद्याने आणि शाळा यांसाठी दाखविलेल्या जागांची मालकी महापालिकेला विनामोबदला द्यावी, अशी अट दिल्ली महापालिकेने घातली होती आणि मालकाने तिला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने समतोल साधला. कायद्यात तरतूद नसताना मालकी विनामोबदला घेता येणार नाही. मात्र एकदा त्या जागा रेखांकनात दाखविल्या की मालक त्यांचा केवळ विश्वस्त उरतो. त्या जागा विकण्याचा किंवा अन्य कामासाठी वापरण्याचा हक्क त्याला राहत नाही, कारण त्या वसाहतीतील लोकांसाठी राखलेल्या आहेत. शाळेसाठी राखलेल्या भूखंडामागे कायद्याचे केवढे बळ उभे आहे, ते या निकालावरून कळते.

दुसरा खटला शाळांनी विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. सरिता विहार या वसाहतीत उद्यानाच्या जागेचा काही भाग दिल्ली विकास प्राधिकरणाने एका बालवाडीला दिला. रहिवासी न्यायालयात गेले. १९९५ मध्ये न्या. कुलदीप सिंग आणि न्या. बी. एल. हंसारिया यांनी ते वाटप रद्द केले. एवढ्यावर न थांबता, नियम मोडून मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्यांनाही जबाबदार धरले गेले पाहिजे, असे मत त्यांनी नोंदविले. लहान मुलांची शाळा ही कोणालाही प्रिय असणारी गोष्ट. पण ज्या बागेत त्याच मुलांनी संध्याकाळी खेळायचे, तीच खाऊन शाळा उभी राहणार असेल, तर शिक्षणाच्या पवित्र नावाने नियमभंग झाकला जात नाही. शिक्षणसंस्थांना जागेची चणचण कायमच असते. परगावी, अल्पसंख्य भाषेत शिकविणाऱ्या संस्थांना तर ती अधिकच भासते. अशा वेळी शेजारची मोकळी जागा 'मिळवून देणारा' हितचिंतक भेटला, तर कार्यकारिणीने त्या जागेचे आरक्षण आधी तपासावे, हा या निकालाचा व्यवहारी धडा आहे.

लखनौ आणि चंदीगड

लखनौतील अमीनाबादचे झंडेवाला उद्यान स्वातंत्र्यलढ्यातील सभांमुळे प्रसिद्ध. १९९३ मध्ये तेथील महापालिकेने निविदा न मागविता एका बांधकाम कंपनीशी करार केला आणि या उद्यानाखाली भूमिगत बाजार बांधण्याची मुभा दिली. उच्च न्यायालयाने तो करार अवैध ठरविला. जुलै १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम करून बांधकाम पाडण्याचा आणि उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला. सार्वजनिक जागेची महापालिका मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व येथे ठळकपणे पुढे आले. खर्च झाला म्हणून अवैध बांधकाम वाचत नाही, हे उडुपीचे सूत्र पंचवीस वर्षांनी लखनौत पुन्हा उमटले.

अलीकडचा एक मोठा निकाल चंदीगडचा आहे. ल कॉर्ब्युझिए यांनी आखलेल्या या शहराच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेक्टर १ ते ३० मध्ये, भूखंडाचे विभाजन करण्यास नियमांनी मनाई होती. त्यावर एक पळवाट निघाली. तीन मजल्यांचे घर बांधायचे, त्यातील हिस्से तीन वेगवेगळ्या लोकांना विकायचे आणि आपसांत करार करून एकेक मजला वाटून घ्यायचा. जमीन कागदावर अखंड, प्रत्यक्षात तिचे तीन तुकडे. प्रशासनही असे नकाशे मंजूर करीत राहिले. रहिवाशांच्या संघटनेची याचिका उच्च न्यायालयात अपयशी ठरली. १० जानेवारी २०२३ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने मात्र ही पद्धत नियमांना बगल देणारी असल्याचे ठरवून थांबविली. नगरविकासाला मंजुरी देण्यापूर्वी त्याचा पर्यावरणावरील परिणाम तपासण्याची व्यवस्था असावी, असे आवाहनही त्यांनी विधिमंडळांना व शासनांना केले. या निकालावर सही करणाऱ्या दोन न्यायाधीशांपैकी एक अमरावतीचे आणि दुसऱ्या बंगळुरात वकिली केलेल्या, हा या ग्रंथाच्या वाचकांना सुखद वाटणारा योगायोग.

न्यायालय काय करते आणि काय करीत नाही

या निकालांवरून न्यायालय प्रत्येक मंजुरी रद्द करते असा समज होऊ नये. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका दाखल करता येते, पण तेथे न्यायालय नगररचनाकार होऊन बसत नाही. बाग चांगली की बाजार, हा धोरणाचा प्रश्न ते सहसा हाती घेत नाही. ते पाहते ते एवढेच, की मंजुरी देणाऱ्याला तसा अधिकार होता का, कायद्याने घालून दिलेली रीत पाळली का, हरकती ऐकल्या का आणि अधिकार ज्या हेतूने दिला त्याच हेतूने वापरला का. केवळ नवी वस्ती नकोशी वाटते म्हणून गेलेला याचिकाकर्ता रिकाम्या हाताने परततो, आणि ते योग्यही आहे. कारण या अधिकाराला एक दुसरी बाजू आहे. सुस्थितीतील लोकांनी कायद्याचा आधार घेऊन गरिबांच्या घरांना आपल्या दारातून दूर ठेवण्याचा प्रयत्न करणे अशक्य नाही. मोकळी जागा सर्वांसाठी राखणे आणि आपला भाग फक्त आपल्यासाठी राखणे, यातला भेद याचिका करणाऱ्याने आधी स्वतःच्या मनाशी केला पाहिजे.

दुसरी मर्यादा काळाची. राजमहाल विलासची जागा १९७६ मध्ये दिली गेली, अंतिम निकाल लागला १९९१ मध्ये. ठराव झाला तेव्हा पहिलीत असलेले मूल निकालाच्या दिवशी वयाने एकवीस वर्षांचे झालेले असणार. ज्याच्यासाठी उद्यान राखले होते, त्याचे खेळण्याचे वय खटल्यातच सरले. म्हणून दाद मागायची तर विलंब करून चालत नाही. रिट याचिकेला ठराविक मुदत नसली, तरी कारण न देता झालेला उशीर न्यायालय याचिकाकर्त्याच्या विरुद्ध धरू शकते. इमारतीचा पाया खणला जाण्यापूर्वी उचललेले पाऊल शेवटचा मजला चढल्यानंतरच्या पावलाहून कितीतरी मोलाचे असते.

आज हे पाऊल उचलणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगररचनेचा विषय नगरपालिकांच्या कामांत पहिल्या क्रमांकावर नोंदलेला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मंजूर रेखांकनाची प्रत मागण्याचा मार्ग नागरिकाला खुला झाला. योजनेच्या मसुद्यावर हरकती मागविणारी सूचना प्रसिद्ध होते, तेव्हा ती वाचून मुदतीत लेखी हरकत नोंदविणे हे पुढच्या सर्व लढ्याचे पहिले पान असते. ती हरकत कार्यालयात पोचल्याचा शिक्का असलेली प्रत घरात जपून ठेवावी, कारण पुढे न्यायालयात तीच प्रथम विचारली जाते.

शाळेत भूगोलाच्या तासाला नकाशावाचन शिकविले जाते. उत्तर दिशा कोणती, प्रमाण काय, हिरवा रंग कशाचा, निळा कशाचा. परीक्षेनंतर बहुतेकांचा त्या विद्येशी संबंध सुटतो. या शाळेतून शिकून गेलेले अनेक जण आज घरमालक, वसाहतींच्या समित्यांचे सदस्य, अभियंते आणि वकील असतील. आपापल्या वस्तीचा मंजूर नकाशा एकदा मागवून घ्यावा, तो मुलांसमोर पसरावा आणि त्यावरचा हिरवा तुकडा प्रत्यक्षात कोठे आहे, ते त्यांच्यासोबत चालत जाऊन पाहावे. तो जागेवर असेल तर मुलांना त्याचा इतिहास सांगता येईल. नसेल, तर पुढे कोणत्या दाराशी जायचे, हे उडुपी आणि बंगळूरच्या रहिवाशांनी दाखवून ठेवले आहे.